लव्ह ऑल

आई बाबांना चहा अर्धाच कप देते. भरून दिला तर वरचा अर्धा बशीत आणि बशीतला सदऱ्यावर. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, घरात येऊन चार वर्षं झाली, त्यामुळे यावर आता कोणी काही बोलत नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मात्र हाच हात टेबल टेनिसची बॅट धरतो आणि मुकाट्याने कामाला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला, खरं सांगायचं तर, रागच आला. घरी नाटकं करतात की काय! डॉक्टर हसले. म्हणाले, हा कंप बहुतेकदा हात स्वस्थ असताना येतो, हालचाल सुरू झाली की ओसरतो. कप नुसता धरून पेपर वाचत बसलं, की स्वारी परत हजर.

पायांचं वेगळंच. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन कमी पडलं की एरवी आपसूक होणाऱ्या हालचाली अडतात. बाबांचे पाय दारात जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण फरशीवरची रेघ, एखादा ताल, अंगावर येणारा चेंडू, असं बाहेरून काही खुणावलं की तेच पाय सुटतात. तो चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा!

न्यूयॉर्कजवळ राहणारा नेनाद बाख हा मूळचा क्रोएशियाचा संगीतकार. कंपवातामुळे त्याची गिटार सुटली. तो टेबल टेनिसकडे वळला आणि २०१७ मध्ये ‘पिंगपाँगपार्किन्सन’ ही संस्था सुरू केली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच कंपवाताच्या रुग्णांची पहिली जागतिक स्पर्धाही भरली. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांना सहा महिने खेळवलं, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारलेल्या दिसल्या. बारा म्हणजे आमच्या कॅरमवाल्यांपेक्षाही कमी, तेव्हा फार उड्या मारायला नकोत. बाबांच्या गोळ्या तर घड्याळ लावून चालूच आहेत. खेळायची वेळही गोळीवरच ठरते.

समोर असतात शेजारचे काका, गुडघा बदललेले. एकाला वाकवत नाही, दुसऱ्याला वाकलं की तोल सांभाळवत नाही. त्यामुळे चेंडू वेचायला मी. कपाटाखालून हात काळा करून बाहेर येतो तोवर दोघांचं स्कोअरवरून भांडण जुंपलेलं असतं. मग बाबा मोठ्याने “लव्ह ऑल!” म्हणतात, म्हणजे शून्य-शून्य, आणि नवा गेम सुरू.

परवा परतताना लिफ्टचं दार उघडलं आणि बाबा थबकले. आतली मंडळी वाट बघत होती. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला, खाली लिफ्टच्या पट्टीकडे बघितलं आणि पुटपुटले, “लव्ह ऑल.”

पाऊल आत पडलं.