बारा राशी आणि दहावा ग्रह

मे महिन्यात ट्यूलिप नसतात, हे मला ठाऊक होतं. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

श्रीनगरची ट्यूलिप बाग मार्चअखेर उघडते आणि जेमतेम महिनाभर चालते. मुलांच्या परीक्षा एप्रिलभर. सासूबाईंनी टीव्हीवर त्या रंगीत पट्ट्या पाहिल्यापासून काश्मीरचा ध्यास घेतलेला. मी मेची तिकिटं काढली आणि "असतील की थोडे" म्हणून वेळ मारून नेली. थोडेही नव्हते. बागच बंद होती. गुलमर्ग, पहलगाम आणि घोडेवाल्यांशी घातलेली हुज्जत यात चार दिवस गेले, पण सासूबाईंचा अबोला काही सुटेना.

पाचव्या दिवशी निशात बाग. टूरवाल्याने पाऊण तास दिला होता. एवढ्या वेळात फाटकाजवळची गर्दीसुद्धा ओलांडून होत नाही. खालच्या टप्प्यावर अर्धा महाराष्ट्र फेरन घालून, हातात फुलांची टोपली घेऊन उभा होता. "हसा जरा!" हे मराठीतच चाललं होतं. बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. आम्हीही फिरलो असतो, पण सासरे गुडघा धरून पायऱ्या चढायला लागले, मग काय करणार!

आणि बरं झालं. दर टप्प्यागणिक गर्दी विरळ होत गेली. वरून येणारं पाणी मधल्या पाटातून दोन टप्प्यांमधल्या दगडी उतारावर येतं. त्या उताराला चादर म्हणतात. मी वाकून हात लावला. दगड गुळगुळीत नाही, मुद्दाम खाचा कोरून खडबडीत केलेला आहे. त्यामुळे पाणी सरळ घरंगळत नाही, अडखळतं, फुटतं, पांढरं होतं आणि आवाज करतं. चादरीच्या डोक्याशी पाटावर आडवा दगडी चौथरा असतो, खालून पाणी जातं. सासूबाई त्यावर बसल्या. चिनारची पालवी अजून कोवळी, पोपटी होती. कडेला गुलाब फुलले होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

सासऱ्यांनी मग गोष्ट काढली. ही बाग 1633 सालची, नूरजहानचा भाऊ असफखान याने केलेली. बारा राशींचे बारा टप्पे. शाहजहान बघायला आला, तोंड भरून तारीफ केली, एकदा नाही, तीनदा. असफखानाने "घ्या, आपलीच आहे" म्हणावं अशी त्याची अपेक्षा. खान गप्प. बादशहा चिडला आणि बागेचं पाणीच तोडलं. खान झाडाखाली खिन्न होऊन पडला असता एका नोकराने चोरून पाणी सोडलं, आणि त्याची ती निष्ठा पाहून बादशहाही विरघळला, असं सांगतात.

"असफखान म्हणजे मुमताजचे वडील," सासरे म्हणाले. "शाहजहानचा सासराच की!"

बारा राशी बांधल्या बिचाऱ्याने आणि कन्या राशीला बसलेला दहावा ग्रह नेमका पाण्यावर उलटला. मी विषय बदलावा म्हणून समोर बोट दाखवलं. खाली पाटाची सरळ रेघ, तिच्यापलीकडे दल सरोवर. पूर्वी लोक नावेतून थेट बागेच्या पायाशी उतरत. आता मध्ये रस्ता आहे आणि त्यावर आमची गाडी हॉर्न वाजवत होती. पाऊण तास केव्हाच संपला होता. वाजू दे म्हटलं.

सासूबाईंनी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले.

"जावईबापू," चार दिवसांत पहिल्यांदाच, "तिकिटं कधी काढली होतीत?"

"फेब्रुवारीत."

"आणि ट्यूलिपचं कधी कळलं होतं?"

सासरे एकदम वाकून चादरीवरची नक्षी निरखू लागले.