रॉटरडॅमचा थोरला क्लब

रविवार, रात्री

नेदरलँड्समधल्या फुटबॉलविषयी बोलणे निघाले की आयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनूर्ट या तीन नावांपलीकडे सहसा कोणी जात नाही. मी मात्र गेले काही दिवस स्पार्टा रॉटरडॅमच्या इतिहासात गुंतून पडले आहे. सहा राष्ट्रीय विजेतेपदे आणि तीन राष्ट्रीय चषक एवढीच या क्लबची कमाई, त्यातले शेवटचे विजेतेपद १९५९ चे आणि शेवटचा चषक १९६६ चा. तरीही आज व्यावसायिक पातळीवर खेळणारा त्या देशातला सर्वांत जुना क्लब हाच आहे. या जुनेपणाचे मोल नेमके कशात आहे, याचा विचार आज सलग लिहून काढायचा आहे.

१ एप्रिल १८८८ रोजी स्पार्टाची स्थापना झाली ती क्रिकेट क्लब म्हणून. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या वाचकाला हे अनपेक्षित वाटेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच शहरांतल्या सुखवस्तू घरांतली मुले खेळाचे धडे इंग्लंडकडे पाहूनच गिरवत होती आणि क्रिकेट व फुटबॉल हे दोन्ही खेळ त्यांच्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये क्लबने फुटबॉलची शाखा काढली आणि या नव्या खेळाने पुढे मूळच्या खेळाला पार मागे टाकले. १८९३ मध्ये स्पार्टा देशातल्या सर्वोच्च पातळीवर खेळू लागला. १८९९ मध्ये क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी इंग्लंडच्या संडरलँड संघाचा सामना पाहिला, त्या संघाच्या लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्या त्यांच्या मनात भरल्या आणि त्याच त्यांनी आपल्या खेळाडूंना दिल्या. तो पोशाख आजही कायम आहे.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे स्पार्टाचीच होती असे म्हणायला हरकत नाही. मे १९०५ मध्ये नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाने मायदेशातला आपला पहिला सामना बेल्जियमविरुद्ध खेळला आणि ४-० असा जिंकला, तो स्पार्टाच्याच मैदानावर. १९०९, १९११, १९१२, १९१३ आणि १९१५ अशी पाच विजेतेपदे त्याच काळातली. त्या संघाचा आधारस्तंभ होता बोक दे कोर्वर. राष्ट्रीय संघाकडून ३१ सामने आणि १९०८ व १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके, एवढी कीर्ती असूनही तो क्लबसाठी खेळला तो एकाच, आणि तोही खेळाचा मोबदला मिळण्याची पद्धत नसलेल्या काळात. आजच्या बदल्या आणि करारांच्या गदारोळात त्याची कारकीर्द वाचताना मला मनापासून आदर वाटतो.

पण स्पार्टाकडे मला सर्वाधिक ओढून नेले ते त्याच्या मैदानाने. ‘हेट कास्टेल’, म्हणजे ‘किल्ला’, हे मैदान ऑक्टोबर १९१६ मध्ये सुरू झाले. तेव्हा युरोपात महायुद्ध पेटलेले होते आणि नेदरलँड्स तटस्थ होता. सीमेपलीकडे बेल्जियमची भूमी खंदकांनी चिरली जात असताना रॉटरडॅमच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनीवर दोन मनोऱ्यांची एक देखणी वास्तू उभी राहत होती. त्या परिसरात पूर्वी स्पांगेन नावाचा खराखुरा किल्ला होता आणि वस्तीचे नावही त्यावरूनच पडले. दे रूस आणि ओव्हरआइंडर या वास्तुकारांनी मैदानाच्या इमारतीला दिलेला किल्ल्याचा घाट लोकांना इतका आवडला, की क्लबच्या मंडळींना ‘किल्ल्याचे सरदार’ म्हणण्याची रीत पडली. महत्त्वाची गोष्ट अशी, की आजची स्पांगेन वस्ती या मैदानानंतरची आहे. कामगारांसाठी बांधलेली, पुढे जगभरच्या वास्तुकारांनी अभ्यासलेली तिथली घरकुले, आणि त्यांतही मिखिल ब्रिंकमनने वरच्या मजल्यांवरून रस्त्यासारखी रुंद गॅलरी फिरवलेली ती १९२२ ची प्रसिद्ध इमारत, हे सगळे मैदानाच्या मागोमाग आले. १४ मे १९४० च्या जर्मन बाँबहल्ल्यात रॉटरडॅमचे जुने मध्यवर्ती शहर बेचिराख झाले आणि त्याचा बहुतेक चेहरा युद्धानंतर नव्याने घडवावा लागला. अशा शहरात १९१६ सालची एखादी दर्शनी भिंत आजही सामन्याच्या दिवशी लोकांचे स्वागत करते, याला मी कोणत्याही करंडकाहून कमी मानत नाही. १९९९ च्या नूतनीकरणात खेळण्याचे मैदान काटकोनात फिरवले गेले, प्रेक्षागारे नवी झाली, पण मनोरे राखले गेले. आज तिथे सुमारे अकरा हजार माणसे बसतात.

नेदरलँड्समध्ये १९५४ साली व्यावसायिक फुटबॉल आले आणि स्पार्टाला आणखी एक बहर आला. १९५८ मध्ये चषक, तर १९५९ मध्ये डेनिस नेव्हिल या इंग्लिश प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली सहावे विजेतेपद. पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत, क्लब शेवटच्या आठांत पोहोचला. ग्लासगोच्या रेंजर्सकडून घरच्या मैदानावर २-३ असा हरल्यानंतर स्पार्टाने ग्लासगोत जाऊन १-० असा विजय मिळवला. दोन्ही सामने मिळून ३-३ अशी बरोबरी झाली. तेव्हा परक्या मैदानावर जास्त गोल करणाऱ्याला विजयी ठरवण्याची पद्धत नव्हती, म्हणून लंडनच्या हायबरी मैदानावर तिसरा सामना झाला आणि तो स्पार्टाने २-३ असा गमावला. या तीन सामन्यांविषयी वाचताना मला अजूनही हळहळ वाटते.

त्यानंतर शहराचे फुटबॉल नदीच्या दक्षिणेकडे सरकले. गोदीकामगारांच्या वस्तीत १९०८ साली जन्मलेल्या फेयेनूर्टने साठच्या दशकात चार विजेतेपदे मिळवली आणि १९७० मध्ये थेट युरोपियन कप जिंकला. धाकट्या भावाचा संसार असा भरभराटीला आल्यावर थोरल्याने घरातली जुनी रीत सांभाळत राहावे, तसे काहीसे स्पार्टाचे झाले. लुई व्हॅन गाल प्रशिक्षक म्हणून गाजण्यापूर्वी आठ वर्षे इथे मध्यरक्षक होता; डॅनी ब्लिंड इथूनच आयाक्सला गेला. जॉर्जिनियो वाइनाल्डम आणि मेम्फिस डेपाय यांनी लहानपणी इथे धडे गिरवले, तर केव्हिन स्ट्रूटमन आणि डेन्झेल डम्फ्रिस इथल्या पहिल्या संघातून पुढे गेले. राष्ट्रीय संघाची यादी वाचताना ही नावे मोठ्या क्लबांच्या खात्यावर दिसतात. त्यांच्या घडणीतला स्पार्टाचा वाटा ठळकपणे सांगितला जावा असे मला फार वाटते.

२००२ साली, फ्रँक रायकार्ड प्रशिक्षक असताना, स्पार्टा इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत गेला. रायकार्ड पुढे बार्सिलोनाला गेला आणि तिथे युरोपचा विजेता झाला, पण स्पार्टाच्या पाठीराख्यांसाठी तो हंगाम ‘आपण कधीच खाली गेलो नाही’ हा शतकभराचा अभिमान संपवणारा ठरला. २००५ मध्ये क्लब परत आला. २०१० मध्ये त्याच शहरातल्या एक्सेल्सिओरविरुद्धच्या दोन सामन्यांत ०-० आणि १-१ अशी बरोबरी होऊनही परक्या मैदानावरच्या एका गोलामुळे तो पुन्हा खाली गेला. हायबरीच्या वेळी जो नियम नव्हता, तोच इथे आडवा आला. २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद, २०१८ मध्ये डिक अॅडव्होकाटसारखा अनुभवी प्रशिक्षक असूनही पुन्हा घसरण, २०१९ मध्ये पुन्हा बढती. माझ्या मते स्पार्टाच्या जुनेपणाची खरी कसोटी याच वर्षांत लागली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विजेतेपदाच्या आठवणीवर कोणी दुसऱ्या श्रेणीचे सामने पाहायला येत नाही. त्यासाठी क्लब वस्तीच्या अंगवळणी पडलेला असावा लागतो आणि आजोबांची जागा नातवाला ठाऊक असावी लागते.

२०२३ मध्ये मॉरिस स्टाइनच्या हाताखाली संघ सहावा आला, ही फार वर्षांतली उत्तम कामगिरी होती. स्टाइनला लगेच आयाक्सने नेले आणि काही महिन्यांतच तिथून त्याला जावे लागले. २०२५ च्या सुरुवातीला, संघ पुन्हा तळाजवळ झुंजत असताना, तो स्पांगेनला परतला आणि त्या हंगामाअखेर स्पार्टाने एरेडिव्हिजी या सर्वोच्च श्रेणीतली आपली जागा राखली.