गोळी खाऊन आशा येते का?

"गोळीनं झोप येईल, पण आशा कशी येईल?" मी डिप्रेशनबद्दल उघडपणे बोलायला लागल्यापासून लोक मला हे सारखं विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

त्या वर्षी मी महिन्याचा किराणा भरणं बंद केलं होतं. पाव किलो साखर, अर्धा किलो तांदूळ, बस्स. पुढचा महिना येणार, तेव्हा आपण असणार, चहा करणार, हे डोक्यात बसतच नव्हतं. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली, तर मनात आलं, यात दिसलं नाही, पुढच्यात दिसेल. चांगली बातमी कानावर पडायची, पण टिकायची नाही.

यावर अभ्यास झालाय हे नंतर वाचलं. माणसाला विचारतात, अमुक संकट तुमच्यावर येण्याची शक्यता किती टक्के? मग खरा सरासरी आकडा सांगतात आणि पुन्हा विचारतात. आकडा दिलासा देणारा असला की निरोगी माणूस आपला अंदाज चटकन बदलतो. वाईट असला तर तितकासा मनावर घेत नाही. डिप्रेशनमध्ये हा झुकाव उरत नाही. २०२२ साली पॅरिसच्या संशोधकांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६ पेशंटना केटामिन हे मुळात भुलीसाठी वापरलं जाणारं औषध देऊन हेच तपासलं. पहिल्या डोसनंतर चारच तासांत दिलासा देणारा आकडा ते जास्त मनावर घेऊ लागले. पेशंट थोडेच होते, हे खरं. तरी वाचताना माझे डोळे भरून आले.

माझी गोळी साधी, एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम. तिला आठवडे लागले. पहिले दहा दिवस नुसती मळमळ. डॉक्टर म्हणाल्या, "चार ते सहा आठवडे द्या. जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढले तर त्याच दिवशी फोन करा. आणि परस्पर बंद करू नका." पहिल्याच गोळीनं सगळ्यांना गुण येतो असं नाही, मग ती बदलतात. माझं समुपदेशनही चालू होतं. त्याचा वाटा मला वेगळा काढता येणार नाही.

कर्ज तेवढंच होतं, नोकरी तीच होती. पण बहीण फोनवर म्हणाली, "दिवाळीला ये गं," आणि मी चक्क एसटीच्या वेळा बघितल्या.

सहाव्या आठवड्यात दुकानातल्या काकांनी सवयीनं विचारलं, "पाव किलो साखर ना?"

"दोन किलो द्या," मी म्हटलं. "आणि चहाचा मोठा पुडा."

घरी येऊन साखरेचा डबा घासला, उन्हात वाळवला, आणि काठोकाठ भरला.