काळा कातळ आणि तिरपं ऊन: या मोसमाची नोंद

या मोसमासाठी एक अट घालून घेतली होती: आकाश लाल झालं म्हणून कॅमेरा उचलायचा नाही. सह्याद्रीचा किंवा कोकण किनाऱ्याचा फोटो बहुतेक वेळा आकाशाच्या जिवावर चालतो. खाली कातळ असतो, पण नावापुरता, एक काळी आकृती म्हणून. मला कातळच हवा होता. त्याचे थर, त्याचा खरखरीतपणा, पाण्याने त्यात काढलेली वळणं. अट अजून मोडलेली नाही, एखाददुसऱ्या संध्याकाळी हात शिवशिवले तरी.

बेसाल्टची, म्हणजे या काळ्या कातळाची, अडचण अशी, की तो उजेड परत द्यायला फार कंजूष. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तिथला वालुकाश्म तांबूस आणि उजळ. एका भिंतीवर पडलेलं ऊन उसळून समोरच्या भिंतीवर जातं आणि सावलीतला दगडही आतून पेटल्यासारखा दिसतो. आपल्या काळ्या पाषाणावर पडलेलं ऊन बरंचसं तिथेच जिरतं. त्यामुळे तिथल्या युक्त्या इथे तशाच्या तशा लावल्या तर हाती फारसं काही येत नाही. इथे रंगावर भिस्त ठेवता येत नाही, सावलीवर ठेवावी लागते. म्हणजे ऊन दगडाला घासून जायला हवं.

थोडं भूगर्भशास्त्र, कारण त्याचा फ्रेम लावताना थेट उपयोग होतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा एकावर एक पसरत गेला. घट्ट थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. वायूच्या पोकळ्या असलेला ठिसूळ थर झिजतो, त्याचा उतार होतो आणि त्यावर गवत धरतं. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. मधूनमधून लालसर मातीचा एक पातळ पट्टा दिसतो, तोही दोन थरांमधला. कड्यावर या आडव्या रेषा आधीच आखलेल्या असतात, त्यामुळे कॅमेरा अर्धा अंश कलला तरी डोळ्याला खुपतं. समुद्राच्या क्षितिजाची जेवढी काळजी घेतो तेवढीच इथे घ्यावी लागते.

आता कोकणकडा. हरिश्चंद्रगडावर जाणारे सगळे संध्याकाळची वाट बघत बसतात, कारण कडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि सूर्य समोर मावळतो. पण कड्याच्या अंगावर तेव्हा जे ऊन पडतं ते समोरून, सपाट. रंग छान येतो, खोली मात्र जाते. भिंतीवरची प्रत्येक कपार उजळून निघते आणि सगळं एकाच पातळीवर येऊन बसतं. याउलट हिवाळ्यात दुपारी एक-दीडच्या सुमाराला सूर्य दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला सरकलेला असतो आणि ऊन भिंतीला जेमतेम शिवून जातं. प्रत्येक कंगोऱ्याची सावली खाली आणि बाजूला लांबते. ज्या वेळेला आपण ‘हार्श लाइट’ म्हणून झाडाखाली आडवे होतो, नेमकी तीच वेळ उभ्या भिंतीची. हे एकदा ध्यानात आल्यावर माझं दिवसाचं वेळापत्रकच उलटं झालं. सकाळी आराम, दुपारी काम.

कड्याची भिंत आतल्या बाजूला वळलेली असल्यामुळे एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचा फोटो घेता येतो. इथे वाईड लेन्स मी बाहेरच काढत नाही. वाईडने कडा बुटका होतो आणि खालच्या कोकणातली धूसर हवा अर्धी फ्रेम खाते. ७०-२०० मिमीच्या झूम लेन्सने भिंतीचा एक तुकडा उचलायचा, त्यात दोन-तीन थर आणि गवताचा एखादा पट्टा. गवतामुळे मोजमाप कळतं. आडवं होऊन, पोटावर सरकत काठाशी जायचं आणि ट्रायपॉडचे पाय आखूडच ठेवायचे. वर वारा असा येतो की उघड्या ट्रायपॉडवर एक सेकंदाचं एक्स्पोजरही भरवशाचं राहत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आपल्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात बरीच हलते. डिसेंबरात पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये तेवढीच उत्तरेला. कड्याच्या ज्या भागाचं तोंड वायव्येला आहे त्याला डिसेंबरातलं मावळतीचं ऊनही घासूनच लागतं. नैऋत्येकडे तोंड असलेल्या भागाला त्याच वेळी ते समोरून लागतं. म्हणजे एकाच संध्याकाळी एक बाजू सपाट आणि दुसरी खोल. होकायंत्र फोनमध्ये असतंच, तोंडं मोजून डायरीत लिहून ठेवा.

एक्स्पोजरबद्दल. फ्रेमभर काळा दगड असला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्याला करडा करायला बघतं. जेपेग काढणाऱ्यांनी त्यावर उणे एक स्टॉपची भरपाई द्यावी, म्हणजे उजेड निम्मा करावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढणाऱ्यांनी मात्र मीटरला तिथे करडं करू द्यावं, असं माझं मत. उन्हातल्या कडा जळत नाहीत ना, एवढंच हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) बघायचं आणि काळेपणा नंतर घरी खाली ओढायचा. उलटं केलं, म्हणजे जागेवरच अंधार घेतला आणि नंतर सावल्या उचलल्या, तर बेसाल्टच्या बारीक पोतात नॉइज (सेन्सरचे दाणे) असा मिसळतो की दगडाचा कण कुठला आणि सेन्सरचा कुठला हे कळत नाही.

सांदणच्या घळीत गणित वेगळं. साम्रद गावाजवळून खाली उतरणारी ही घळ, काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले की भिंती हाताला लागाव्यात. इथे ऊन वरून यावं लागतं. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. घळ जिथे दक्षिणोत्तर वळते तिथेच तो तळाशी पोचू शकतो, पूर्व-पश्चिम भागात भिंतीच्या वरच्या पट्ट्यापुरता. मेच्या मध्याला तो जवळपास डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस याच सुमाराचे, त्यामुळे घळ कशीही वळो, दुपारी काही मिनिटं तळावर ऊन उतरतं. मेमधला उकाडा सोसवत असेल तर ती मिनिटं सोडू नयेत. फक्त वळवाचे ढग दिसले की आत थांबायचं नाही. घळीत पाणी चढायला पाऊस डोक्यावरच पडावा लागतो असं नाही, वरच्या पठारावर पडलेला पुरतो.

फ्रेममध्ये आकाशाची पट्टी अजिबात घेऊ नका. वरचं आकाश आणि तळाचा अंधार यांतलं अंतर कुठल्याच सेन्सरला एका दमात झेपत नाही, आणि ब्रॅकेटिंग करून, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन, जोडलं तरी ती पांढरी भेग नजर खेचून घेते. त्यापेक्षा कॅमेरा खाली वळवा. तोंडाशी पाण्याचे डोह लागतात. पाण्यापासून वीतभर उंचीवर लेन्स आणली की वरच्या भिंतीवरचं ऊन पाण्यात उतरलेलं दिसतं, आणि काळ्या दगडाच्या मधोमध तेवढाच एक उबदार तुकडा मिळतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, इथे काढून ठेवावा. चुकीच्या बाजूला फिरला तर तो हेच प्रतिबिंब पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडत नाही. सावलीतल्या दगडावर वरच्या निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो, तो निळाच राहू द्यायचा. ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करून ठेवला की निळी सावली आणि पिवळट ऊन दोन्ही जिथल्या तिथे राहतात. ऑटो त्या दोघांचं भांडण मिटवायला जातं आणि सगळं राखाडी करून बसतं.

निघोजला मी सर्वांत जास्त रमलो. कुकडीच्या पात्रातले हे रांजणखळगे नदीने गोटे फिरवून फिरवून कोरले. खाचेत अडकलेला दगड भोवऱ्यात गरगरतो, तळ घासतो, खळगा खोल होतो, मग आणखी गोटे आत येतात. एका खळग्याच्या काठावर बराच वेळ बसून पाहिलं. आतली भिंत बोट फिरवलं तर गुळगुळीत, पण तिरप्या उन्हात तिच्यावर आडव्या लहरी उमटतात, वरपासून तळापर्यंत, थोड्या थोड्या सरकत गेलेल्या. तळाशी गोटे, सुपारीपासून नारळाएवढे, आणि त्यांच्यामध्ये वाळू. जवळच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून आरपार भोक पडलं होतं. या लहरी ढगाळ दिवशी दिसतच नाहीत आणि दुपारी बारालाही नाहीत. सकाळी ऊन काठावरून आत उतरायला लागलं की साधारण अर्धा तास मिळतो.

इथे वाईडला पर्याय नाही. फुल फ्रेमवर १६ मिमी लेन्स आणि एफ/११ छिद्र धरलं तर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस ठेवला की जास्तीत जास्त भाग शार्प येतो ते) सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे कागदोपत्री ४० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. मोठा प्रिंट काढायचा असेल तर या आकड्यावर विसंबू नये, दूरचा काठ जरा मऊच येतो. मी दोन-तीन फोकस बदलून फ्रेम घेतो आणि नंतर स्टॅक करतो, म्हणजे एकत्र जोडतो. एफ/२२ च्या वाटेला जात नाही, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड फाकल्याने) पोतच बोथट होतो आणि सगळा खटाटोप तर पोतासाठी. झिजलेल्या दगडाला एक चकाकी असते. पोलरायझर पूर्ण फिरवून ती घालवली की दगड मेल्यासारखा दिसतो, म्हणून अर्ध्यावर थांबवायचा.

किनाऱ्याकडे वळतो. इथे सगळं भरती-ओहोटीवर. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती रीत फोटोग्राफरसाठीही सोन्याची आहे. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या दरम्यान. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. म्हणजे संध्याकाळच्या मऊ उजेडात कातळ उघडा हवा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे जायचं. त्याच दिवसांत उधाण असल्याने ओहोटीही सर्वांत खोल, एरवी कधी न दिसणारे खडक बाहेर येतात. अष्टमीला गेलात तर मावळतीला पाणी कड्याच्या पायाशी. मग लाटा मिळतील, कातळ नाही. निघण्याआधी छापील तक्त्याशी वेळ ताडून पाहावीच, तिथीचं गणित ढोबळ आहे.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेने कपारीतल्या पायऱ्या उतरून खाली गेलं की लाटांनी कापलेला सपाट कातळ लागतो. कड्याच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रांची जाळी आहे. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात, दगडाचा कण कण सुटतो. लाट येऊन गेल्यावर सगळी भिंत काळी होते, मग छिद्रांच्या कडा आधी वाळून फिकट होतात आणि छिद्रं ओलीच राहतात. त्या मधल्या क्षणी, कडा फिकट आणि पोट काळं असताना, ऊन नसलं तरी खोली दिसते. या मोसमातला माझा सर्वांत आवडता फोटो ढगाळ हवेतला आहे तो यामुळे. तिरप्या उन्हाचं काम इथे ओलीने केलं.

लाटांसाठी शटर किती? दहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा गडद फिल्टर) लावून तीस सेकंदांचं दूध करण्याची चाल मला आता नकोशी झाली आहे. लाटांच्या त्या धुक्यात खडकाचा पायाच बुडतो. पाव ते एक सेकंद पुरे. लाट मागे सरकताना शटर दाबायचं, येताना नाही. परतणारं पाणी कातळाच्या खाचांमधून वाहतं आणि पांढऱ्या रेघा त्या खाचा दाखवून देतात. फेस फार उजळ आणि खडक फार काळा, म्हणून सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी काम सुरू करतो. मात्र उधाणाच्या दिवसांत पाणी परततंही झपाट्याने. समुद्राकडे पाठ करायची नाही, आणि पायऱ्यांपर्यंतची वाट कोरडी असतानाच वर यायचं.

रत्नागिरीकडे जांभा लागतो आणि हे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतात. तो लाल, सच्छिद्र, उजेड पिणारा नाही. तिथे मला अजून सूर गवसलेला नाही, एवढंच.

सामानाबद्दल फार काही नाही. खाऱ्या तुषारांनी भरलेली लेन्स कोरड्या कापडाने पुसू नका, आधी ओल्या कापडाने मीठ काढा. ट्रायपॉड वाळूत रोवून एक लाट जाऊ द्या, बसायचं तेवढं बसू द्या, मग फ्रेम लावा. घरी आल्यावर ट्रायपॉडच्या पायांचे जोड खोलून गोड्या पाण्याने धुवा.

पुढच्या यादीत अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे. ६१ मीटर उंच, बेसाल्टचे उभे खांब. आडव्या थरांना वरून घासणारं ऊन लागतं, उभ्या खांबांना ते कामाचं नाही. त्यांना सूर्य खाली आणि बाजूला हवा, म्हणजे प्रत्येक खांब शेजारच्यावर सावली टाकेल. भोवती इमारती दाटल्या आहेत, त्यांच्या फटीतून सकाळचं ऊन आधी कुठल्या अंगाला लागतं ते जाऊन बघावं लागेल. कुणी अलीकडे तिथे शूट केलं असेल तर महिना आणि वेळ तेवढी कळवा.