मारव्यानंतरची भेट

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात आवडत्या कलाकाराला गाण्यानंतर प्रत्यक्ष भेटायचे असेल, तर पुढच्या कलाकाराच्या सादरीकरणाचा बराचसा भाग सोडावा लागेल, याची तयारी मनाशी आधीच करावी लागते. एका संध्याकाळी अनेक कलाकार लागोपाठ मंचावर येतात. एकाचे गाणे आटोपते न आटोपते तोच दुसऱ्याची वाद्ये मांडली जाऊ लागतात आणि तेवढ्या वेळात आधीचा कलाकार मंचामागून गाडीकडे निघालेलाही असतो. मी मिरजेत गाणे शिकवते आणि डिसेंबरात शक्य होईल तेव्हा या महोत्सवाला येते. पण आवडीचे दोन कलाकार पाठोपाठ असले की भेटीचा विचार दर वेळी मागे पडत असे. या वेळी मात्र ज्या गायिकेसाठी मी आले होते, त्यांना भेटल्याशिवाय परतायचे नाही, असे ठरवले होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण गाणे संपल्यानंतरचा तो वेळ त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांनी आपणहून आम्हाला दिला.

त्या संध्याकाळी त्यांनी मारवा गायला. डिसेंबरातल्या लवकर मावळणाऱ्या दिवसाला तो अगदी नेमका साजला. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच, पंचम (प) तिन्हींत वर्ज्य. पण मारव्यात सगळा भार रिषभ (रे) आणि धैवतावर (ध) असतो आणि षड्जावर (सा) विसावा फार उशिरा मिळतो. अडचण अशी, की गायक षड्ज टाळत असताना तानपुरा मात्र तोच स्वर अखंड देत असतो. त्या दिवशी मला जाणवले, की त्या थांबत तेव्हाही मागच्या तानपुऱ्यांतून धैवताचा भास होत होता आणि त्यामुळे पुढच्या आलापाची जागा आधीच तयार झाल्यासारखी वाटत होती. हे कसे साधले, एवढेच मला विचारायचे होते.

माझ्यासोबत मावशी होती. महोत्सव रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालत असे, तेव्हापासून ती येथे येते. आता मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात ध्वनिवर्धकाच्या वेळेची मर्यादा पाळून कार्यक्रम होतो. गाणे संपताच आम्ही सतरंजी गुंडाळून मंचाच्या बाजूच्या फाटकापाशी गेलो. तेथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने नम्रपणे सांगितले, "काकू, बिल्ल्याशिवाय आत सोडता येणार नाही. पण चिठ्ठी द्या, मी पोचवतो." हा मार्ग मला फार योग्य वाटला. माझ्या वहीतला कागद काढून मी लिहिले, "ताई, मारव्यासाठी तानपुऱ्याची पहिली तार निषादात होती की धैवतात? मी मिरजेत विद्यार्थ्यांना शिकवते. दोन मिनिटे मिळाल्यास उपकार होतील." स्तुतीची वाक्ये मी जाणूनबुजून लिहिली नाहीत. दीड तास गायलेल्या माणसाला स्तुती ऐकून घेण्यासाठीही शक्ती लागते. प्रश्न गाण्यातला असेल तर तो त्याच्या मनात चालू असलेल्या विचारालाच जोडला जातो, असे माझे मत आहे.

फाटकापाशी आणखी काही जण होते. एक तरुण अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, त्याला छायाचित्र हवे होते. साताऱ्याचे एक वयस्कर जोडपे ताईंच्या जुन्या ध्वनिफितीचे वेष्टन स्वाक्षरीसाठी घेऊन आले होते. पुढच्या कलाकाराचा आलाप सुरू झाला आणि तो आम्हाला कापडी भिंतीपलीकडून अस्पष्ट ऐकू येत राहिला. काही वेळाने तानपुऱ्यावर साथ करणारी शिष्या बाहेर आली आणि म्हणाली, "ताई कोमट पाणी घेत आहेत. त्यांना आता फार बोलता येणार नाही, पण चिठ्ठी वाचून त्यांनी सगळ्यांनाच बोलावले आहे. कृपया पाया पडायला गर्दी करू नका."

आत ताई मफलर गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर थकवा स्पष्ट दिसत होता. आम्ही लांबूनच नमस्कार केला. साताऱ्याच्या काकांनी वेष्टन पुढे केले, ताईंनी त्यावर शांतपणे सही केली आणि ध्वनिमुद्रणात तबल्याच्या साथीला कोण होते, याची आठवण काढली. विद्यार्थ्याला छायाचित्र मिळाले; ते एकच काढले जावे आणि त्यात सगळे असावेत, असे शिष्येने सुचवले, ते सर्वांनाच पटले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शिष्येला एका तानपुऱ्याची गवसणी पुन्हा काढायला सांगितली. बांधून ठेवलेले वाद्य माझ्यासाठी उघडले जात आहे, या जाणिवेने मला क्षणभर काही सुचेना. त्यांनी तार छेडली. पहिली तार मंद्र निषादात, म्हणजे खालच्या सप्तकातल्या नी वर होती. दुसरा तानपुरा धैवतात लावला होता, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. नंतर बोलण्याऐवजी त्यांनी माझा हात तारांवर ठेवला आणि जोडीच्या, म्हणजे षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारा किती हलक्या बोटाने छेडायच्या, ते दाखवले. षड्ज बंद करता येत नाही, पण त्याला मागे ठेवता येते, एवढाच त्यांच्या सांगण्याचा आशय होता. एरवी पंचमात असणारी पहिली तार निषादापर्यंत चढवली की ताण वाढतो, म्हणून या रागांसाठी त्या एक तानपुरा वेगळ्या, बारीक तारेचा ठेवतात, हेही मला तेथेच समजले. वर्गात पूरिया शिकवताना मुलांच्या तानपुऱ्यांच्या तारा वारंवार का तुटतात, याचे उत्तर मला इतक्या जवळ जाऊन मिळाले.

ताईंनी मिरजेचे नाव निघताच तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला. तो तानपुरा मिरजेतच घडवलेला होता. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ज्यांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू झाला ते सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, त्यामुळे तेवढ्या एका हालचालीचा अर्थ मला वेगळा सांगावा लागला नाही. आम्ही लगेच निरोप घेतला, कारण त्यांना विश्रांती हवी होती.

मैदानात परतलो तेव्हा पुढच्या कलाकाराची द्रुत बंदिश चालू होती. आधीचा संथ लयीतला विलंबित ख्याल हुकल्याची हळहळ मावशीला वाटली, मलाही वाटली. मिरजेला गेल्यावर मी आमच्या एका तानपुऱ्याला कारागिरांकडून बारीक तार चढवून घेतली आणि तिच्यासाठी घोडीवरची जवारी, म्हणजे तार टेकते तो पृष्ठभाग, पुन्हा घासून घेतली. आता मारवा आणि पूरिया शिकवताना तोच तानपुरा वर्गात असतो आणि मुलांना मी पहिल्याच दिवशी जोडीच्या तारांवर बोट हलके ठेवायला शिकवते.