लॉग ५: माँबार ते वेझले, एका दिवसात (एकदाचं)

मंडळी, मागचा लॉग टाकून तीन महिने झाले, मधे नुसतं ट्रेनिंग चालू होतं आणि त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून गप्प होतो. पण जूनमधल्या एका शनिवारी फ्रान्समधली ही सायकल राइड एका दिवसात झाली एकदाची. माँबार स्टेशन ते वेझले आणि पुढे सेर्मिझेल स्टेशन, १२६ किमी, गार्मिनच्या हिशोबाने चढ १६५० मीटरच्या आसपास, एकाही चढावर पाय टेकला नाही (फोटोला टेकला तो धरायचा नाही).

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी पॅरिसच्या दक्षिणेला राहतो, मूळ पुण्याचा. बूरगोन्यमधला मोरवाँ हा ग्रॅनाइटचा, जंगलाचा, सतत वरखाली होणारा प्रदेश, आणि त्याच्या आजूबाजूला एकापेक्षा एक जुने मठ. रूट ठरवण्याचं खरं कारण मात्र ट्रेन. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून माँबारला टीईआर (प्रादेशिक ट्रेन) जाते आणि सेर्मिझेलहून परत बेर्सीलाच येते, सायकल डब्यात टांगायची की झालं. म्हणजे मधला भाग सरळ एका दिशेने मारता येतो, गोल फिरून परत यायची भानगड नाही.

गेल्या वर्षी हाच रूट दोन दिवसात केला होता आणि तरी दोन चढांवर उतरून ढकलत गेलो होतो. तेव्हा वाटलं, च्यायला, आपण सिंहगड न थांबता चढलेला माणूस, आणि इथे ऐंशी-नव्वद मीटरच्या टेकाडावर ही अवस्था? नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की गोष्टच वेगळी आहे. आपल्याकडच्या घाटात एकदा लय लागली की तासभर त्याच लयीत बसायचं असतं. इथे चढ दीड-दोन किलोमीटरचा, मग जोरात उतार, खाली ओढा, पूल, आणि पुलावरून लगेच आठ-नऊ टक्के, आणि हे दिवसातून वीस वेळा. प्रत्येक वेळी वाटतं छोटा आहे, मारू जोरात, आणि दुपारी तीननंतर त्या प्रत्येक जोराचं बिल येतं.

तर यंदाचा सगळा प्रोजेक्ट म्हणजे जोर न मारणं. वजन ७६ वरून ७३, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, वॉटमध्ये) १८८ वरून २०५, हे झालंच, पण खरा फरक कॅसेटने, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाने पडला. पुढे ३४ दात्यांची छोटी रिंग होती, मागे ११-२८ (लहान चक्र ११ दात्यांचं, मोठं २८ चं) होती ती काढून ११-३४ टाकली, त्यासाठी लाँग केजचा डिरेल्युर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) घ्यावा लागला आणि चेन चार लिंक लांब. हिशोब असा, ३४-२८ वर ७० कॅडन्सला (पेडलचे मिनिटाला ७० फेरे) स्पीड येतो पावणेअकरा. साडेआठ टक्क्याच्या चढावर, मी अधिक सायकल अधिक बाटल्या मिळून ८३ किलो, याला २१५ वॉटच्या पुढे लागतात. म्हणजे एफटीपीच्या वर! त्याच कॅडन्सला ३४-३४ वर स्पीड पावणेनऊ आणि वॉट साधारण १८०. तासाला दोन किलोमीटर हळू, पण वीस चढांनंतर पाय शिल्लक. दुकानातला माणूस म्हणाला एवढी मोठी कॅसेट टूरिंगवाले लावतात, म्हणू दे, त्याला कुठे माझे गुडघे वापरायचेत.

ट्रेनिंग सगळं शव्रोझच्या खोऱ्यात. पॅरिसकडच्या सायकलवाल्यांची ती पर्वतीच म्हणा, रविवारी सकाळी गेलात तर जत्रा असते. दाँप्येरच्या वर सतरा वळणांचा रस्ता आहे, नावच 'सतरा वळणं', तो दर रविवारी सहा वेळा, फक्त १७०-१८० वॉटने, लोक सूं सूं करत पुढे जातायत आणि आपण बसून. सगळ्यात अवघड ट्रेनिंग हेच होतं, अहंकार आवरायचं. तिथेच जवळ वो-द-सेर्नेचा मठ आहे, १११८ सालचा, आता तिथे हॉटेल आहे आणि जुन्या चर्चचे नुसते अवशेष उरलेत.

गंमत म्हणजे राइडमधला पहिला थांबा, फोंतनेचा मठ, तोही १११८ चाच. माँबारहून सहा किमी, एका अरुंद जंगली दरीच्या आत. बरोबर माझा नेहमीचा पार्टनर होता, नगरचा, तो म्हणाला "एका दिवसात मारायचंय ना, मग इथे कशाला थांबतोस?" म्हणलं थांबायचंच, नाहीतर घरच्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल मारायचा स्टँड) बसलो असतो की. चाळीस मिनिटं दिली. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंना सजावट वर्ज्य, त्यामुळे चर्चमध्ये ना रंगीत काचा ना चित्रं, नुसता दगड आणि उजेड. दगडी अंगणातून आम्ही बुटांखालच्या क्लीट्सचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्यांचे) टक् टक् आवाज करत आलो, लोक वळून बघत होते, मलाच ओशाळल्यासारखं झालं, आणि चर्चच्या आत पाऊल टाकलं तर आवाज बंद. खाली फरशीच नाही, तुडवलेली माती. आपल्या जुन्या घरातल्या सारवलेल्या जमिनीसारखी थंडगार. दोघंही एकदम हळू चालायला लागलो. पलीकडे त्यांचा लोहारखाना आहे, पन्नासेक मीटर लांब, ओढ्याच्या पाण्यावर चालणारा घण. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे कागदाची गिरणी निघाली, गरम हवेच्या फुग्यावाल्या माँगोल्फिए घराण्याकडे होती, १९०६ नंतर पुन्हा डागडुजी करून जागा मूळ रूपात आणली.

सम्यूरला पोचलो पावणेबाराला. गाव सुंदर आहे, नदीच्या वळणावर किल्ल्याचे जाडजूड बुरूज, त्यातल्या एकाला वरून खालपर्यंत चीर गेलीये. पण आमचं लक्ष बेकरीकडे. लक्षात ठेवा, फ्रान्सच्या खेड्यात बारा ते दोन सगळं बंद, गेल्या वर्षी सोल्योच्या अलीकडे दीड तास एका एनर्जी जेलवर काढला होता. यंदा दोन-दोन सँडविच खिशात, शिवाय बायकोने दिलेल्या गूळपोळ्या (जूनमध्ये गूळपोळी, हो, आमच्याकडे चालते).

पाणी मात्र फुकट. प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात फुलांना पाणी घालायला नळ असतो, आणि 'प्यायचं नाही' अशी पाटी नसली तर सगळे सायकलवाले तिथेच भरतात. पहिल्या वेळी मला कसंतरीच झालं होतं, आता आत जाताना हेल्मेट काढतो आणि बाटल्या भरतो.

सोल्योपर्यंतचा रस्ता चढता आणि उघडा, दोन्हीकडे पांढऱ्या शारोले गायी. इथेच यंदाचा एकमेव लफडा. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरतात आणि गाड्यांनी ती दाबावी अशी अपेक्षा असते. पाटी होती, मी बघितली नाही, उतारावर ४० ने आत शिरलो आणि मागचं चाक सरकलं. पडलो नाही ते २८ मिमी रुंद टायरमुळे आणि आईच्या पुण्याईने. पार्टनर मागून ओरडला "ब्रेक नको मारू!" तेवढं ऐकलं हे बरं केलं. त्रिकोणातल्या गाडीमागून खडी उडताना दाखवलेली पाटी दिसली की मुकाट्याने वीसवर या.

सोल्योनंतर खरं मोरवाँ सुरू. उजेडच कमी होतो, दोन्ही बाजूंना डग्लस फरची सरळसोट झाडं, सावलीत रस्ता ओला, आणि लाकडाच्या ट्रकमधून पडलेली साल. मधे साँ-लेजे-वोबाँ लागतं. हे वोबाँचं जन्मगाव, चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा, जन्म १६३३, म्हणजे महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याचे १२ किल्ले २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि आपले मराठ्यांचे १२ गेले २०२५ मध्ये, तेही पॅरिसला झालेल्या बैठकीत. वोबाँच्या पुतळ्यासमोर गूळपोळी खाल्ली. बरं वाटलं.

तिथून चार किमीवर जंगलात प्येर-की-व्हीर, म्हणजे 'हलणारा दगड', १८५० साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ, हा मात्र चालू आहे, साधू राहतात. त्यांच्या शेतावरचं चीज मठाच्या दुकानात मिळतं. एक घेतलं, जर्सीच्या मागच्या खिशात टाकलं. याचं पुढे काय झालं ते सांगतो.

मठाखालच्या त्रँकलँ ओढ्यातून वर येणारा चढ, तोच गेल्या वर्षी ढकलत चढलेला. ३४-३४ टाकलं, १७८ वॉट, श्वास नाकाने. अर्ध्यात मागून एक सत्तरीचे काका आले, स्टीलची जुनी सायकल, आणि शेजारून जाताना म्हणतात "आले, आले!" इथे 'आले' म्हणजे 'चला'. माझ्या डोक्यात मात्र मराठीच. कुठे आले काका, अजून सातशे मीटर आहे! पार्टनर हसून हसून जवळजवळ खाली पडला.

कारे-ले-ताँबला चर्चभोवती शंभरावर जुन्या दगडी शवपेट्यांचे तुकडे मांडलेत, बघितलं, कोक प्यायलं, निघालो. पुढे सँ-पेरला क्यूर नदी. पूर्वी मोरवाँचं सरपण याच नदीत सोडून पॅरिसपर्यंत वाहत न्यायचे. आपण ट्रेनने तिकडेच जाणार होतो, तेवढंच साम्य. सँ-पेरहून वेझले वर दिसतं, सगळ्या टेकडीवर पसरलेलं, आणि दिसतं म्हणजे जवळ आहे असं अजिबात नाही. शेवटचे दोन किलोमीटर आणि मग गावातली सरळ चढती गल्ली. साडेसहाला बासिलिकासमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर. ११४६ मध्ये सेंट बर्नार्डने दुसऱ्या क्रुसेडची (धर्मयुद्धाची) हाक इथे दिली, फोंतने काढणारा तोच. म्हणजे सकाळपासून आम्ही एकाच माणसाच्या मागे सायकल हाणत होतो, हे मला तिथे पायरीवर बसल्यावर लक्षात आलं. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी वरच्या खिडक्यांतून उजेडाचे ठिपके चर्चच्या बरोबर मधोमध रांगेत पडतात, ते अर्थात हुकलं, त्या वेळी आम्ही खडीत घसरत होतो.

आता चीज. पाच तास पाठीवर, उन्हात, घामात. सेर्मिझेलच्या फलाटावर खिसा उघडला तर कागदातून बाहेर आलं होतं. ट्रेन बऱ्यापैकी भरलेली, पण बेर्सीपर्यंत आमच्या समोरच्या दोन्ही सीट रिकाम्या राहिल्या. पाय पसरून आलो. जर्सी तीन वेळा धुतली, बायको म्हणते अजून एकदा धू.