पीळ दोरात होता

डमरू सुटला! परवा रविवारी हतनूर धरणाच्या पाण्यावर आमच्या छोट्या बोटीवर अकरा वेळा स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना पुढे फुगवायचं मोठं शीड, चढवला. बोटीच्या दोन बाजूंना तो कोंबून ठेवायच्या पिशव्या आहेत. सहा वेळा डाव्या पिशवीतून, पाच वेळा उजवीतून. अकराही वेळा तो एका फटक्यात भरला. वर एक फुगा, खाली एक फुगा आणि मधे पिळलेली मान, हे डमरूचं दृश्य एकदाही दिसलं नाही. शेवटच्या वेळी पुतण्या पोलची (शीड बाहेर धरणाऱ्या दांडीची) क्लिप अडकवून मागे वळला तेव्हा शीड आधीच भरून ओढायला लागलं होतं. तो नुसता हसत होता, बोलला काहीच नाही. चार महिने त्यानंही माझ्याबरोबर काढलेत.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल की खोड फक्त डाव्या पिशवीची होती. उजवीतून चढवलं की दहात एखादाच डमरू. डावीतून दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ठरलेला. म्हणून मी सगळा दोष पॅकिंगवर टाकला. एका काठाला लाल पट्टी, दुसऱ्याला हिरवी शिवली. शेंड्यापासून दोन्ही काठ बोटांतून सरकवत खालच्या टोकांपर्यंत तपासायचे, मगच कापड कोंबायचं आणि शेंडा वर ठेवायचा. डमरू होतच राहिला. मग मोठ्या बोटींवर करतात तसं लोकरीच्या धाग्यानं शीड जागोजागी बांधून पाहिलं. आमच्या १३ चौरस मीटरच्या स्पिनेकरला त्याची गरज नव्हतीच. धागे तुटले, डमरू तसाच. एकानं सुचवलं, ‘फायरबॉलचं नाकच चपटं, तिथेच कापड अडकत असेल.’ ते काही मला पटलं नाही. पीटर मिल्ननं १९६२ मध्ये आखलेली ४.९३ मीटरची ही प्लायवूडची बोट आहे. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्ण मिळवलं. त्यांचा स्पिनेकर याच चपट्या नाकावरून चढत होता.

शेवटी मी पिशव्याच काढून टाकायला निघालो होतो. फोरडेकला, म्हणजे पुढच्या डेकला, भोक पाडून कापडी नळीचा च्यूट बसवायचा, म्हणजे शीड त्यातूनच निघेल. पेन्सिलीनं लंबगोल आखूनही झाला होता, जिगसॉ मागून आणली होती. आखाजी (अक्षय्य तृतीया) आडवी आली म्हणून डेक वाचलं.

आखाजीला अंमळनेरहून मामा आले. अंगणातल्या निंबाला पोरींचा झोका बांधलेला. त्याच्या शेजारच्या फांदीवरून मी हॅलिअर्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, सोडला होता आणि खाली पाण्यानं भरलेला दहा लिटरचा कॅन टांगला होता. मला बघायचं होतं एवढंच, की पुलीत दोर घासतो का. कॅन वर ओढला आणि तो सावकाश गरगर फिरायला लागला. मी पुलीकडे बघत होतो. मामा खाटेवरून कॅनकडे बघत म्हणाले, “नवा दोर पीळ मारस ना भो!”

विहिरीवर उभं आयुष्य गेलेला माणूस. नव्या दोरावर बादली फिरत वर येते, काठाशी आली की हातानं थांबवून घ्यावी लागते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि मी चार महिने काठावरच्या पट्ट्या शिवत बसलो होतो.

मी कॅन खाली उतरवला, त्यावर खडूची रेघ मारली आणि मोजलं. सुमारे सहा मीटर दोरावर सव्वातीन फेरे. उतरवून परत ओढला, पुन्हा तीनच्या वर, आणि दर वेळी एकाच दिशेनं. दोर तीन पदरी, पिळाचा. ताण आला की पदर उलगडू बघतात आणि मोकळं टोक फिरतं. त्या टोकाला आपल्या शिडाचा शेंडा बांधलेला असतो. शेंडा फिरतो, खालची दोन टोकं त्यांना बांधलेले शीट आणि गाय-दोर धरून ठेवतात, फेरा मधल्या कापडात जातो. त्यात वारा शिरला की डमरू.

मग डावीकडूनच का? माझा हिशेब असा आहे. पिशवीतून निघालेलं कापड जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) आडून फोरस्टेला (डोलकाठीच्या पुढच्या तारेला) वळसा घेत पुढे येतं, तेव्हा शेंड्याला साधारण अर्धा फेरा पडतो. डावीकडून तो फेरा दोराच्या पिळाच्याच दिशेनं पडतो, म्हणजे भर. उजवीकडून उलट पडतो, म्हणजे वजाबाकी. खात्री करायला नवा दोर आणायच्या आधीच एक प्रयोग केला: डाव्या पिशवीत शेंडा उलट दिशेनं एक फेरा देऊन ठेवला. सहापैकी पाच वेळा शीड स्वच्छ भरलं. त्या संध्याकाळी डेकवरची पेन्सिल खोडरबरानं पुसली.

तुम्ही विचाराल, दोर आणि शेंड्याच्या मधे फिरकी नव्हती का? होती. मासेमारीच्या सामानातली स्टीलची, चकचकीत. मी ती तपासलीही होती, पण हातात धरून, रिकामी. हातात भिंगरीसारखी फिरायची. त्याच निंबाखाली दहा किलोचा भार लावला तर जागची हलेना. बेअरिंग नाही, धातूवर धातू. तेव्हा सगळ्यांना कळकळीनं सांगतो, फिरकी, पुली, क्लीट (दोर पकडून ठेवणारा चिमटा), काहीही तपासायचं तर भार लावून तपासा. हतनूरच्या पाण्यात गाळ भरपूर, तो बुशमध्ये बसला की उरलीसुरली फिरकीही संपते.

दोराबद्दल राग अजून गेलेला नाही. तो विकणाऱ्यानं ‘बोटीचाच आहे, डोळे मिटून न्या’ म्हणून दिला होता. बोटीचा होता खरा, पण नांगराचा. ताणला जातो, झटका पोटात घेतो, नांगराला तोच चांगला. आता तिथेच लावलाय. हॅलिअर्डसाठी मुंबईत नागदेवीला तासभर फिरून सोळा पदरी विणीचा सहा मिलिमीटर पॉलिएस्टर आणला. त्याला कॅन टांगला तर खडूची रेघ जवळजवळ जागेवरच राहिली. हॅलिअर्डला नायलॉन घेऊ नका, ताणून शेंडा खाली येतो. आणि दुकानात दोर हातात आला की आधी दोन हात सोडून खाली काहीतरी जड टांगा. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

एक छोटी गोष्ट मात्र फार आवडलीय. पिशव्यांची तोंडं मिटायची, कापड निघताना अडायचं. ठिबकच्या सोळा मिलिमीटर नळीचं कडं करून तोंडाला शिवलं. जळगाव जिल्ह्यात ही नळी नाही असा बांध सापडणार नाही. कडं हलकं, गंजत नाही आणि पायाखाली दबलं तरी परत गोल होतं. पुतण्यानं आणखी एक भर घातली: शेंडा पूर्ण वर पोचला की क्लीटपाशी येईल अशा जागी हॅलिअर्डला लाल दोऱ्याची गुंडाळी. आता सुकाणू धरून मला वर बघावं लागत नाही. मार्कनंतर, म्हणजे वळायच्या खुणेनंतर, शीड भरेपर्यंत पूर्वी चौदा-पंधरा सेकंद जात, रविवारी सरासरी आठ.

उतरवणं अजून कच्चं आहे. दोनदा शीड पाण्यात गेलं, नाकाखाली ओढलं गेलं, गाळानं जड झालं. क्रम आम्हाला ठाऊक आहे: आधी गाय-दोरानं टोक हातात, मग खालचा काठ गोळा करायचा, मग हॅलिअर्ड सोडायचा. मीच घाईत हॅलिअर्ड आधी सोडतो. नवा दोर गुळगुळीत असल्यामुळे तर तो सुसाट जातो. पुढच्या वेळी पुतण्यानं ‘सोड’ म्हटल्याशिवाय क्लीटला हात लावायचा नाही, असं ठरलंय.

लिहिता लिहिता एक सुचलं. हॅलिअर्ड सुसाट जातो तो क्लीटनंतर मोकळा असतो म्हणून. त्याचं शेपूट मागच्या एका पुलीतून फिरवून दोन्ही पिशव्यांच्या मधे रबरी दोरीनं ताणून ठेवलं तर? पायाखालचा गुंताही जाईल आणि सुटताना थोडा विरोधही मिळेल. पुढच्या रविवारी पोलचं ट्विनर (गाय-दोर खाली ओढून धरणारी दोरी) बदलणार होतो, ते मागे ठेवतो. आधी हेच.

दिवस थोडे आहेत. दुपारनंतर तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेचा वारा सरळ चालून येतो. धरणाकडे टॅक करत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी, जायचं आणि चांगदेवच्या संगमाच्या दिशेनं स्पिनेकरवर परत, असा रन आपल्याकडे दुसरीकडे मिळत नाही. वर पाऊस लागला आणि हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की आम्ही बोट काढून घेतो. त्याआधी उतरवण्याचे पन्नास सराव पूर्ण करायचेत. रबरी दोरी किती जाडीची घेऊ? कुणी लावली असेल तर शनिवारच्या आत सांगा.